ती सुई कोणाची?

(घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्यात काही वस्तू दिसायला साध्या, पण घातक असतात. त्या कशा हाताळाव्यात आणि कोठे द्याव्यात, हे लेखिकेने आपल्या घरी घडलेल्या एका प्रसंगाच्या आधारे या पाठात सांगितले आहे.)

रमजान ईद चार दिवसांवर आली होती. आमच्या मोहल्ल्यात घरोघर साफसफाई चालू होती. कोणी भिंतींना रंग देत होते, कोणी पडदे धुऊन गच्चीवर वाळत घालत होते. आमचे गाव यंत्रमागांचे. एरवी दिवसभर मागांचा खडखडाट ऐकू येतो. त्या दिवसांत त्यात झाडूचा आणि डबे आपटण्याचा आवाजही मिसळला होता.

मीही कपाटे रिकामी करायला घेतली. संध्याकाळपर्यंत चार पिशव्या भरल्या. त्यांत काय नव्हते? मुदत संपलेल्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या, घड्याळाचे आणि रिमोटचे सेल, एक जळालेली ट्यूबलाइट, तळाशी रंग सुकलेला डबा, झुरळे मारण्याच्या औषधाचा रिकामा फवारा आणि अम्मीच्या इन्सुलिनच्या सुया. अम्मीला मधुमेह आहे. ती रोज दोन वेळा इंजेक्शन घेते. वापरलेल्या सुया ती एका वाटीत ठेवत असे. वाटी भरली, की मी ती कचऱ्याच्या पिशवीत ओतत असे. इतकी वर्षे मी हेच करत होते. यात काही चुकते आहे, असे मला कधी वाटले नाही. मी शाळेत मुलांना स्वच्छतेवर निबंध लिहायला देते, हेही येथे सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. गाडीबरोबर येणाऱ्या मावशी आमच्या गल्लीत सर्वांच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी माझ्या पिशव्या घेतल्या आणि गाडीत टाकल्या. ईदमुळे गाडी आधीच भरली होती. जागा व्हावी म्हणून त्यांनी पिशव्यांवर दोन्ही हात ठेवून जोराने दाबले. लगेच त्यांनी हात मागे घेतला. तळहाताच्या मध्यभागी रक्ताचा एक थेंब उभा राहिला होता.

त्यांनी तो पदराला पुसला आणि पुढच्या घराकडे वळल्या. मी विचारले, “मावशी, काय लागलं?”

“सुई असेल. रोजचंच आहे, मॅडम,” त्या म्हणाल्या.

‘रोजचंच आहे’ हे शब्द माझ्या मनात रुतले. मी त्यांना घरात बोलावले. नळाखाली साबणाने हात धुवायला सांगितले. सुई टोचली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये आणि बोट तोंडात घालून चोखू नये, एवढे मला माहीत होते. आतून अम्मी आली. तिने पिशवी पाहिली, मावशींचा हात पाहिला आणि मला म्हणाली, “बेटा, रिक्षा बोलाव.”

सरकारी रुग्णालयातील डॉक्टरसाहेबांनी सर्व ऐकून घेतले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ही सुई कोणाची?”

मी म्हणाले, “आमचीच असेल.” पण मावशी म्हणाल्या, “गाडीत पन्नास घरांच्या पिशव्या होत्या, साहेब. मी सगळ्याच दाबल्या.” आमच्या गल्लीत इन्सुलिन घेणारी चार घरे आहेत. शिवाय एक छोटा दवाखाना आहे. सुई कचऱ्यात परत गेली होती. ती कोणाची, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते.

डॉक्टरसाहेबांना हे का जाणून घ्यायचे होते? वापरलेल्या सुईच्या पोकळीत रक्ताचा अंश राहू शकतो. त्या माणसाला कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीचा संसर्ग असेल, तर ज्याला सुई टोचते त्यालाही तो होऊ शकतो. कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणजे आपण सोमवारी फेकलेली सुई शनिवारीही निर्धोक नसते. त्यांनी आम्हांला घाबरवले नाही. इन्सुलिनची सुई बारीक असते, ती शिरेत जात नाही, म्हणून धोका कमी असतो, असे त्यांनी समजावले. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई टोचली, तरी हजारात साधारण तिघांनाच संसर्ग होतो. कावीळ ब मात्र याहून कितीतरी सहज पसरते. तिच्यावर लस आहे. आणि लस तर मावशींना कोणी दिलीच नव्हती.

अम्मी म्हणाली, “माझे रक्त तपासा. निदान माझी शंका तरी जाईल.” तिचे रक्त तपासले, मावशींचेही तपासले. मावशींना लसीचा पहिला डोस त्याच दिवशी मिळाला. एचआयव्ही टाळण्याचे औषध सुई टोचल्यापासून ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर सुरू करावे लागते. ते २८ दिवस घ्यावे लागते. सुईचा मालक माहीत नसल्याने डॉक्टरांनी तेही सुरू केले. मग तारखा लिहून दिल्या : सहा आठवड्यांनी तपासणी, तीन महिन्यांनी तपासणी, सहा महिन्यांनी तपासणी.

अम्मीचा अहवाल चांगला आला. पण त्याने प्रश्न सुटला नाही, कारण सुई तिचीच होती कशावरून?

हे सहा महिने कसे गेले, ते मी जवळून पाहिले आहे. त्या औषधाने मावशींना मळमळ होई. दोन-तीन दिवस त्या कामावर येऊ शकल्या नाहीत आणि त्यांची मजुरी बुडाली. त्यांची एक लहान नात आहे. ती रोज आजीच्या ताटात जेवत असे. मावशींनी तिचे ताट वेगळे केले. एका ताटात जेवल्याने हे रोग होत नाहीत, असे डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितले होते. त्यांना ते कळतही होते. तरी त्यांचा हात नातीच्या तोंडाकडे जाईना. माझ्या एका वाटीभर सुयांमुळे एका मुलीचे आजीबरोबरचे जेवण सुटले होते.

मुलांनो, या प्रसंगानंतर मी त्या चार पिशव्यांतल्या एकेका वस्तूची चौकशी सुरू केली. जे कळले, ते पुढे सांगते.

अशा कचऱ्याला ‘घरगुती घातक कचरा’ म्हणतात. ‘घातक’ म्हणजे घात करणारा. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येक घराने कचऱ्याचे तीन भाग करावेत, असे सांगितले होते : ओला, सुका आणि घरगुती घातक. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया आणि सिरिंज अशी यादीच त्यात दिली होती. माझ्या चार पिशव्या पाहूनच ती यादी केली असावी, असे मला वाटले! हा कचरा देण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असेही त्या नियमांत होते. पुढे जानेवारी २०२६ मध्ये सरकारने नवे नियम प्रसिद्ध केले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचे ठरवले. त्यांत तीनऐवजी चार भाग सांगितले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा कचरा. रंगाचे डबे, दिवे, औषधे आणि पाऱ्याचे थर्मामीटर या चौथ्या भागात येतात.

नियम कागदावर चांगला असतो. केंद्राचा पत्ता विचारायला मी एका कार्यालयात गेले, तेव्हा मला तीन टेबलांवर पाठवण्यात आले आणि चौथ्या टेबलावर जेवणाची सुट्टी झाली होती. पण केंद्र सापडेपर्यंत घरातल्या सुया वाट पाहत नाहीत. तोवर निदान त्या वेगळ्या ठेवणे तरी आपल्या हातात असते.

सुयांसाठी जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा लागतो. पातळ पाण्याची बाटली चालत नाही, तिच्यातून सुई आरपार येते. फरशी धुण्याच्या द्रवाचा किंवा डिटर्जंटचा रिकामा डबा चांगला. सुई वापरली, की तिचे टोपण परत न लावता ती थेट डब्यात टाकावी. टोपण लावताना बोटाला टोचू शकते. डबा तीन चतुर्थांश भरला, की पुरे. झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे. आमच्या गल्लीतील दवाखान्याचा असा कचरा वेगळ्या गाडीने जातो. तेथील डॉक्टरसाहेबांनी गल्लीतले डबे स्वतःच्या कचऱ्याबरोबर पाठवायचे कबूल केले. मी विचारायला गेले, तेव्हा ते म्हणाले, “हे तुम्ही आधी का नाही विचारलं?” मला उत्तर देता आले नाही.

आता पाऱ्याविषयी. पारा हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहे. आमच्या लहानपणी थर्मामीटर फुटला, की आम्हा भावंडांची चैन असे. चांदीसारखे चकचकीत मणी फरशीवर धावत. आम्ही ते तळहातावर घेऊन खेळवत असू. एकाचे दोन करायचे, दोनांचे परत एक करायचे. अम्मी ओरडायची ती थर्मामीटर फुटला म्हणून, पारा हातात घेतला म्हणून नव्हे. तिलाही ठाऊक नव्हते.

एका थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. त्याची साध्या खोलीतही वाफ होते. ती दिसत नाही आणि तिला वासही नसतो. ती श्वासातून शरीरात जाते आणि मज्जासंस्थेला, म्हणजे मेंदू व नसांना इजा करते. झाडूने पारा झाडला, तर त्याचे आणखी बारीक मणी होतात आणि फटींत जाऊन बसतात. म्हणून झाडू वापरायचाच नाही. लहान मुलांना खोलीबाहेर न्यावे, पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात. हातात अंगठी असेल, तर काढावी, कारण पारा सोन्याला धरतो. मग दोन जाड कागदांनी मणी एकत्र ढकलून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. दिवा लावून तिरपा उजेड पाडला, की उरलेले मणी चमकतात. तेही चिकटपट्टीने उचलावेत. ही बाटली घातक कचऱ्यात द्यावी. मोरीत किंवा संडासात पारा कधीच ओतू नये.

पाण्यात गेलेला पारा काय करतो, ते जपानमधील मिनामाता या गावाने जगाला दाखवले. तेथील एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पाऱ्याचे एक विषारी संयुग समुद्राच्या खाडीत जात होते. ते माशांच्या शरीरात साठत गेले. ते मासे खाऊन आधी मांजरे वेड्यासारखी नाचू लागली आणि मरू लागली. मग माणसांना दिसेनासे झाले, बोलता येईना, हातपाय थरथरू लागले. आईच्या पोटातील बाळेही त्यातून सुटली नाहीत. १९५६ साली या रोगाची प्रथम अधिकृत नोंद झाली. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्यावरचा जागतिक करार झाला आणि २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. एका थर्मामीटरने मिनामाता होत नाही, हे खरे. पण गावात थर्मामीटर किती, सीएफएल दिवे किती, ट्यूबलाइट किती! या दिव्यांतही थोडा पारा असतो. म्हणून जळालेली ट्यूबलाइट मुलांनी ‘फटाका’ म्हणून भिंतीवर फोडू नये. आमच्या गल्लीत हा खेळ फार आवडता होता. बंद पडलेली नळी नव्या नळीच्या खोक्यात घालून, न फोडता द्यावी.

पाऱ्याचा भाऊ शोभावा असा दुसरा धातू म्हणजे शिसे. वीज गेली, की आपण इन्व्हर्टर लावतो. त्याच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब असते. बॅटरी जुनी झाली, की काही लोक तेजाब गटारात ओतून देतात आणि शिसे भट्टीत वितळवतात. शिसे विकले जाते, म्हणून हे काम गल्लीच्या कोपऱ्यातही चालते. सेनेगल देशाची राजधानी डाकार. तिच्या थिआरोये-सुर-मेर या वस्तीत लोक असेच जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढत. तेथील मातीत शिसे मुरले होते. ती माती लोक चाळत, पोत्यांत भरून घरी नेत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथील अठरा लहान मुले मरण पावली. त्यांच्यापैकी कोणी बॅटरी उघडली नव्हती. ती फक्त त्या धुळीत खेळली होती. शिशाचे अमुक इतके प्रमाण मुलांना चालते, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. कोणतेच प्रमाण सुरक्षित नाही, असे ती सांगते. म्हणून जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत द्यावी. तो तिचे पैसेही वळते करून देतो. आपल्या भंगारवाल्या चाचांना बॅटरी द्यायची असेल, तर ते ती कोठे पोहोचवतात, हे एकदा विचारावे.

मोबाइलच्या बॅटऱ्या वेगळ्या जातीच्या असतात. त्या चेपल्या किंवा त्यांना भोक पडले, तर पेट घेतात. कचऱ्याच्या गाडीत सर्व काही दाबले जाते, हे आपण पाहिलेच. फुगलेली बॅटरी तर एक दिवसही घरात कपड्यांजवळ ठेवू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती मोबाइलच्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

औषधांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला, कारण त्याला एकच उत्तर नाही. उघड्यावर टाकलेल्या रंगीत गोळ्या लहान मुले चॉकलेट समजून खातात, शेळ्याही खातात. मोरीत ओतल्या, तर औषध नदीत जाते. जंतुनाशक औषधे अशी थोडी थोडी पाण्यात गेली, की जंतूंना त्यांची सवय होते आणि पुढे तेच औषध आजाऱ्याला लागू पडत नाही. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ साली कोझिकोड शहरात घराघरांतून निरुपयोगी औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. अशी सोय आपल्याकडे नसेल, तर आपल्या औषधविक्रेत्याला विचारावे. तोही घेत नसेल, तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळाव्यात, घट्ट पिशवीत बांधाव्यात आणि घातक कचऱ्यात द्याव्यात. मात्र कडक वेदनाशामक गोळ्यांसारखी काही मोजकी औषधे घरात एक दिवसही पडून राहू नयेत इतकी धोक्याची असतात. त्यांच्याविषयी डॉक्टर सांगतील तसेच करावे. आणि एक गोष्ट : उरलेली औषधे शेजाऱ्याला देऊ नयेत. आमच्या मोहल्ल्यात याला मदत समजतात.

रंग, रॉकेल, कीटकनाशके यांचे फार लांबवत नाही. उरलेला रंग गटारात ओतण्यापेक्षा शेजाऱ्याच्या दाराला लावून संपवावा. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला, तरी त्यात पाणी किंवा धान्य ठेवू नये. संडास साफ करण्याचे तेजाब सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. मात्र एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. साफसफाई करताना तेजाबाची उरलेली बाटली आणि उरलेली ब्लीचिंग पावडर एकाच मोरीत ओतली जाते. दोन्ही स्वच्छतेच्याच वस्तू! पण त्या एकत्र आल्या, की क्लोरीन वायू तयार होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ सैनिकांवर सोडला गेला, तो हाच वायू. आपली मोरी चार फुटांची असते आणि तिला बहुधा खिडकी नसते.

“एवढी कटकट कशाला? सगळं जाळून टाकू,” असे आमच्या गल्लीतील एक चाचा म्हणाले होते. त्यांनी तसे केलेही. कचऱ्यात फवाऱ्याचा डबा होता. तो बॉम्बसारखा फुटला आणि त्यांच्या सायकलीवर जाऊन पडला. कोणाला लागले नाही, एवढेच नशीब. फवाऱ्याचा डबा रिकामा दिसला, तरी त्यात वायू दाबलेला असतो. आणि प्लॅस्टिक, रंग व सेल यांचा धूर कोठे जातो? तो आपल्याच घरात येतो. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला मोठी आग लागली. धुराचे लोट अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसले. गोवंडी, चेंबूर भागांतील मुलांना कित्येक दिवस त्या धुरात राहावे लागले. तुमच्यापैकी काहींची घरे तेथे असतील. तुम्हांला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

मी ही चौकशी करत होते, तेव्हा मला पुण्याची एक गोष्ट समजली. तेथे १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली. डायपर आणि सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात, याचा या स्त्रियांना त्रास होत असे. म्हणून लोकांनी हा कचरा कागदात गुंडाळावा आणि त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम त्यांनी चालवली. अक्षर वाचता येवो वा न येवो, लाल ठिपका सर्वांना कळतो. मला ही खूण फार आवडली. आम्ही ती आमच्या सुयांच्या डब्यांसाठी घेतली.

आठवीच्या मुलांनी हे काम उचलले. ती चारही घरांत गेली. एका घरातील दादी डबा घ्यायला तयार नव्हत्या. “मला शुगर आहे, हे साऱ्या गल्लीला सांगायचं का?” असे त्या म्हणाल्या. मला त्यांचे म्हणणे चूक वाटले नाही. मग मुलांनीच तोड काढली. डब्यावर नाव लिहायचे नाही, फक्त ठिपका काढायचा. दादींनी डबा घेतला आणि ठिपका स्वतःच मेंदीने काढला. तो दोन दिवसांत काळपट झाला, ही गोष्ट वेगळी. नंतर मुलांनी नेलपॉलिशने काढून दिला.

बकरी ईद गेली, मोहरम गेला. सहाव्या महिन्यातील तपासणीच्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. मावशी रुग्णालयाच्या बाकावर बसल्या होत्या. नात बरोबर होती. कागद हातात आला, तेव्हा त्यांनी तो मला वाचायला दिला. मी वाचून दाखवला. सर्व तपासण्या चांगल्या निघाल्या होत्या. लसीचा तिसरा डोसही त्याच आठवड्यात मिळणार होता. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून डबा काढला, त्यात पोळी आणि बटाट्याची भाजी होती. त्यांनी एक घास मोडला आणि नातीच्या तोंडात घातला. मग दुसरा घास स्वतः खाल्ला.

पुढच्या सोमवारी घंटागाडी आली. आमच्या दारात लाल ठिपक्याचा डबा ठेवलेला होता, तो दवाखान्यात पोहोचवायचा होता. मावशींनी तो उचलून कानाशी नेला आणि हलवून पाहिला. आत सुया खुळखुळल्या. झाकणावरची चिकटपट्टी त्यांनी अंगठ्याने एकदा दाबून घेतली आणि डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, “भरलाय, मॅडम. आजच द्या.”

स्वाध्याय

१. डॉक्टरसाहेबांनी “ही सुई कोणाची?” असे का विचारले?
२. अम्मीचा अहवाल चांगला येऊनही प्रश्न का सुटला नाही?
३. पारा सांडल्यास झाडू का वापरू नये? पारा कसा गोळा करावा, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. दादींनी आधी डबा का नाकारला? त्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?
५. ‘पारा’, ‘तेजाब’ यांसारखे मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले आणखी सहा शब्द पाठातून शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने, कोणत्याही वस्तूला हात न लावता, तुमच्या घरातील घातक वस्तूंची यादी करा. त्यांपैकी कोणती वस्तू तुमच्या गावात कोठे देता येते, त्याची चौकशी करून यादीत लिहा.